कलर स्लाइड फिल्म कुठली घ्यावी: डोळ्याला आवडणारी की टिकणारी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फिल्मवर परत वळलेली बरीच मंडळी आणि घरात जुन्या स्लाइडचे (म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या रंगीत तुकड्यांचे) डबे सापडलेले लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात, त्यामुळे सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी वीसेक वर्षं सह्याद्रीत स्लाइड काढतोय आणि मामाच्या जवळपास सहाशे जुन्या स्लाइड सांभाळतोय, आणि खाली जे आहे ते बरंचसं त्या सहाशे स्लाइडनीच शिकवलंय.

दिसायला भारी फिल्म आणि टिकाऊ फिल्म, यातलं एकच निवडावं लागतं का?

पूर्वी लागायचं, आता तितकं नाही. १९५०-६० च्या काळात कुठल्या कंपनीची कुठली फिल्म घेतली यावर तुमच्या पोरांना रंग दिसणार की नुसता लाल धुरळा दिसणार हे ठरायचं. आज ज्या स्लाइड फिल्म मिळतात त्या सगळ्या ई-६ प्रोसेसच्या, म्हणजे त्या नावाच्या पद्धतीने धुवायच्या, आहेत आणि अंधारात, थंड-कोरड्या जागी ठेवल्या तर सगळ्याच चांगल्या टिकतात. म्हणून माझं म्हणणं असं की फिल्म बिनधास्त रंग बघून निवडा आणि टिकवायची काळजी रोल धुताना, ठेवताना आणि मुख्य म्हणजे प्रोजेक्टरपासून लांब ठेवून घ्या. जुन्या स्लाइडचं गणित मात्र वेगळं आहे, ते आधी सांगतो.

कोडाक्रोम इतकी टिकते असं सगळे म्हणतात, त्यात एवढं काय होतं?

कोडाक्रोम ही कोडॅक कंपनीची जुनी स्लाइड फिल्म, ती काढली लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघांनी, एक पियानो वाजवणारा आणि दुसरा व्हायोलिन, दोघंही मुळात संगीतातले. १९३५ साली ती सिनेमासाठी आली आणि १९३६ साली ३५ एमएमच्या स्लाइडसाठी. तिची गंमत अशी की फिल्ममध्ये रंग तयार करणारी केमिकल्स नसतातच, ज्यांना कपलर म्हणतात ती. फिल्म म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटचेच तीन थर, आणि कपलर धुताना डेव्हलपरमधून आत जातात, तीन रंगांसाठी तीन वेगळे कलर डेव्हलपर. काम झालं की उरलेलं सगळं धुवून निघतं. एक्टाक्रोम (कोडॅकचीच दुसरी फिल्म) आणि फुजीक्रोम (फुजीच्या स्लाइड फिल्म) यांच्यात कपलर फिल्ममध्येच बसवलेले असतात आणि न वापरलेले तिथेच राहतात, तेच पुढे जाऊन हळूहळू पिवळे डाग आणि झाक देतात.

रंगीत फोटो किती टिकतात या विषयावर हेन्री विल्हेल्म या संशोधकाचं खूप मोठं काम आहे. त्यांच्या अंदाजानुसार कोडाक्रोममधला सगळ्यात कच्चा रंग म्हणजे पिवळा, तो अंधारात २०% उडायला १८५ वर्षं लागतात. पण हा आकडा २४ डिग्री आणि ४०% आर्द्रतेचा आहे हे विसरू नका, जुलैतल्या दापोलीचा नाही.

एक अपवाद आहे: १९३८ च्या आधी धुतलेली कोडाक्रोम टिकत नाही, कारण तेव्हा धुण्याची पद्धत वेगळी होती आणि ती १९३८ मध्ये बदलली.

मग घरातली जुनी कोडाक्रोम प्रोजेक्टरवर लावून सगळ्यांना दाखवू का?

नाही, कृपा करून ओरिजिनल लावू नका.

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मामा १९६० साली शिकायला अमेरिकेत गेला आणि ६२ च्या मे महिन्यात सुट्टीला रत्नागिरीला आला तेव्हा दोन रोल कोडाक्रोम घेऊन आला, फोटो काढले आणि रोल परत नेऊन तिकडेच धुतले. त्यात परसदारी फणस चिरत बसलेल्या आजीचे लागोपाठ दोन फोटो आहेत. एकात ती हसून वर बघतेय, दुसऱ्यात तिचे डोळे मिटलेत. मामा कायमचा परत आल्यावर दर दिवाळीत भिंतीवर चादर लावून स्लाइड शो व्हायचा आणि हसऱ्या आजीवर मामा नेहमी थांबायचा, गोष्टी सांगायचा, आम्ही ऐकायचो, आणि तेवढा वेळ तो दिवा त्या एवढ्याशा तुकड्यावर जळत असायचा. डोळे मिटलेली स्लाइड कधीच लावली नाही, ती डब्यातच राहिली.

आता दोन्ही लाइटबॉक्सवर शेजारी ठेवून लूपमधून (भिंगातून) बघितल्या तर हसऱ्या आजीचं नऊवारी फिकट मातकट दिसतं, चेहरा धुतल्यासारखा. दुसऱ्या स्लाइडमध्ये तेच लुगडं गडद अंजिरी आहे, फणसाचे गरे पिवळेधमक, हाताला लागलेलं तेल चमकतंय. एकच रोल, एकच दुपार, एकच डबा. आजीचं लुगडं अंजिरी होतं हे आम्हाला डोळे मिटलेल्या फोटोमुळे कळतं.

कोडाक्रोम अंधारात राणी आहे पण प्रोजेक्टरच्या उजेडात तीच सगळ्यात नाजूक. विल्हेल्म यांच्या चाचण्यांत प्रोजेक्टरच्या उजेडात रंगात जाणवण्याइतका फरक पडायला एकूण मिळून कोडाक्रोमला साधारण एक तास, एक्टाक्रोमला अडीच तास आणि फुजीक्रोमला पाच तास लागले. एकूण म्हणजे आयुष्यभराची बेरीज. दर दिवाळीला तीन मिनिटं म्हटली तरी वीस वर्षांत एक तास भरतो, आमचं तेच झालं.

माझ्या वडिलांच्या काही स्लाइड मस्त आहेत आणि काही पूर्ण लाल झाल्यात, डबा तर एकच होता?

लाल झालेल्या बहुतेक ई-६ च्या आधीच्या एक्टाक्रोम असणार. एक्टाक्रोम १९४६ ला आली, नंतर प्रोसेस बदलत बदलत १९७६ ला ई-६ आली. त्याआधीच्या, विशेषतः ई-३ पर्यंतच्या फिल्ममध्ये निळसर-हिरवा म्हणजे सायन रंग अंधारातही उडतो आणि मागे लाल-जांभळं उरतं. मामाच्या डब्यात अशा साठेक आहेत, नायगाराचं पाणीसुद्धा गुलाबी दिसतं.

ओळखायचं कसं? पुठ्ठ्याच्या माउंटवर (स्लाइडच्या चौकटीवर) बऱ्याचदा फिल्मचं नाव आणि धुतल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. नसेल तर स्लाइड तिरकी धरून उजेडात बघा, कोडाक्रोमच्या एका बाजूला चित्र किंचित उठावदार दिसतं, कोरल्यासारखं, एक्टाक्रोम बरीच सपाट दिसते.

लाल झालेल्या फेकू नका. सायन थोडा तरी शिल्लक असतो आणि स्कॅन करताना १६ बिटमध्ये घेऊन लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणले की आश्चर्य वाटावं इतकं परत मिळतं.

आज नवीन रोल घ्यायचा तर पर्याय काय?

मुख्य नावं तीन: कोडॅक एक्टाक्रोम ई१००, फुजी प्रोव्हिया १००एफ आणि फुजी व्हेल्विया. कोडॅकने एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद केली होती आणि २०१८ मध्ये परत आणली, ती माझ्या मते सगळ्यात सरळ फिल्म आहे, पांढरं पांढरंच येतं, त्वचा माणसासारखी येते, किंचित थंडावा आहे. प्रोव्हिया बारीक दाण्याची आणि शांत आहे, सावल्या थोड्या निळ्या येतात, आणि रात्रीच्या लांब एक्स्पोजरला तिच्यासारखी दुसरी नाही, फुजीच्या डेटाशीटप्रमाणे १२८ सेकंदांपर्यंत एक्स्पोजर किंवा रंगाचं काही करेक्शनच लागत नाही. व्हेल्विया ५० ला चार सेकंदांपासूनच करेक्शन सुरू होतं. हरिश्चंद्रगडावर ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर हे फार उपयोगी पडतं.

व्हेल्विया १९९० साली आली आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पावसाळ्यात जेव्हा ढगांमुळे उजेड सपाट असतो, ताम्हिणीत सगळं ओलं हिरवं असतं, तेव्हा व्हेल्विया जे करते ते दुसरं कुणी करत नाही, शेवाळाचा प्रत्येक हिरवा वेगळा दिसतो. मे महिन्याच्या दुपारी मात्र तीच फिल्म सावल्या कोळशासारख्या काळ्या करून टाकते. बरेच लोक ५० आयएसओची व्हेल्विया ४० ची धरून मीटर करतात, मीही तेच करतो.

किमती आणि स्टॉक सारखे बदलतात, शिवाय व्हेल्विया १०० ची अमेरिकेतली विक्री २०२१ मध्ये तिथल्या केमिकल नियमांमुळे थांबली, त्यामुळे हातात येईल तेव्हा दोन-चार रोल जास्तीचे घेऊन फ्रिजमध्ये टाका.

व्हेल्विया एवढी भडक, म्हणजे तिचे रंग लवकर उडत असणार ना?

असं काही नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. रंग किती गडद दिसतो आणि रंगाचा रेणू किती टिकतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅच्युरेशन हे थर एकमेकांवर कसा परिणाम करतात त्यावरून ठरतं, टिकाऊपणा त्या डायच्या केमिस्ट्रीवरून. उलट वर सांगितलं तसं प्रोजेक्टरच्या उजेडात फुजीक्रोम कुटुंबच सगळ्यात पुढे होतं, तर 'सौम्य म्हणजे टिकाऊ' हे डोक्यातून काढून टाका.

लग्न, बारसं, घरची माणसं यासाठी?

ई१०० किंवा प्रोव्हिया. व्हेल्वियावर आपले गव्हाळ चेहरे तांबूस येतात आणि हळद-कुंकू अंगावर येतं. पूर्वी यासाठी फुजीची अॅस्टिया होती, फार गोड फिल्म, ती बंद झाली याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि घरच्या माणसांचे फोटो असतील तर एक सवय लावून घ्या, महत्त्वाच्या क्षणी एकाच्या जागी दोन-तीन फ्रेम मारा. स्लाइडला निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातून गेलेला तुकडा हाच शेवटचा फोटो. एक बघायला, एक ठेवायला. नंतर केलेली कुठलीही कॉपी या दुसऱ्या फ्रेमची बरोबरी करत नाही.

कासची निळी-जांभळी फुलं स्लाइडवर गुलाबी येतात, फिल्म खराब आहे का?

नाही. काही निळी फुलं आपल्याला न दिसणारा अतिलाल उजेड पण परत फेकतात आणि फिल्मचा लाल थर तो थोडा पकडतो, म्हणून निळ्यात गुलाबी मिसळतं. याला अजेरॅटम इफेक्ट म्हणतात, त्याच नावाच्या फुलावरून. सगळ्या फुलांना होत नाही, म्हणून त्याच फ्रेममधलं आकाश बरोबर आणि फूल चूक असं दिसतं. रंगाची नोंद म्हणून फोटो हवा असेल, वनस्पतीशास्त्राच्या कामासाठी वगैरे, तर फुलाचा रंग वहीत शब्दात लिहून ठेवा.

रोल कुठे धुवायचा, घरी धुतला तर कमी टिकतो का?

घरी म्हणून कमी टिकत नाही, अर्धवट धुतला की कमी टिकतो. ई-६ मध्ये फर्स्ट डेव्हलपर ३८ डिग्रीला ६ मिनिटं असतो, तिथे अर्धा डिग्री इकडेतिकडे झाला की एक्स्पोजर आणि रंगाची झाक बदलते, ते लगेच दिसतं. टिकाऊपणाचं नुकसान मात्र शेवटच्या पायऱ्यांत होतं आणि ते दिसत नाही. ब्लीच-फिक्स कमी पडलं तर चांदी मागे राहते, फिक्सर नीट धुतला नाही तर तो वर्षानुवर्षं आतून खातो, आणि स्टॅबिलायझर वगळला तर मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) रंग कच्चा राहतो. मी स्वतः एका लॅबकडून धुवून आणलेले चार रोल आणल्या दिवशी सुंदर होते आणि सहा वर्षांत हिरवट पडले, शेजारच्या फाइलमधले दुसरीकडे धुतलेले आजही ठीक आहेत.

घरी तीन बाथचं किट वापरत असाल तर केमिकल सांगितलेल्या रोलच्या पुढे ताणू नका, धुण्याचं पाणी भरपूर वापरा आणि फायनल रिन्सनंतर परत नळाखाली धरू नका, तसंच लटकवा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहतो, पावसाळ्यात काय करू?

आपल्याकडे स्लाइडचा पहिला शत्रू बुरशी आहे, रंग उडणं त्यानंतर. स्लाइडचा वरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचं जेवणच, आणि आर्द्रता साधारण ६५% च्या वर बराच काळ राहिली की ती येणारच. सुरुवातीला आकाशात कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसते.

हवाबंद डबा, आत भरपूर सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा हायग्रोमीटर, एवढ्यात काम होतं. आकडा ३० ते ५० मध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं. डबा कोरड्या दिवशी भरा, पावसात भरलात तर दमट हवाच आत कोंडाल.

बुरशी आलीच तर पाण्याने किंवा ओल्या कापडाने अजिबात पुसू नका, बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्यासारखं झालेलं असतं, चित्रच निघून येतं. आधी कोरडं करा, मऊ ब्रशने वरवरची झटका, आणि लगेच स्कॅन करा.

कपाटात डांबरगोळ्या, प्लास्टिकचे पाउच, लाकडी पेटी, हे चालतं?

डांबरगोळ्या आणि कापूर नको, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि फिल्मवर बसते. पाउच पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. उग्र वासाचे, मऊ, चिकट होणारे पीव्हीसीचे असतात, ते दहा वर्षांत स्लाइडला चिकटतात, वेगळं करताना ओरखडे पडतात. लाकूड आणि प्लायमधून आम्ल आणि फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते, म्हणून पावडर कोटिंगवालं लोखंडी कपाट बरं, आतल्या भिंतीला लागून, स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून लांब. काचेच्या माउंटमध्ये आपल्याकडे दमटपणा अडकतो आणि बुरशी बाहेरून दिसत पण नाही, म्हणून साध्या माउंटमध्येच ठेवा.

फ्रिजमध्ये ठेवल्याने खरंच फरक पडतो का?

प्रचंड. ढोबळमानाने दर ५-६ डिग्री खाली गेलं की रंग उडण्याचा वेग निम्मा होतो. ३० डिग्रीच्या कपाटातून ५ डिग्रीच्या फ्रिजमध्ये म्हणजे कितीतरी पट आयुष्य. पण फ्रिज आतून दमट असतो, म्हणून दोन झिप पिशव्या एकात एक, आत कोरडा पुठ्ठा किंवा जेल, हवा दाबून काढलेली. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता रात्रभर तशीच ठेवा, नाहीतर थंड स्लाइडवर दव धरतं. सगळ्या ठेवायची गरज नाही, निवडक पन्नास-शंभर ठेवा.

डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो.

फिल्मचा बेस अॅसिटेटचा असतो आणि तो कुजायला लागला की अॅसिटिक आम्ल सुटतं. हे संसर्गासारखं पसरतं, तर त्या स्लाइड लगेच बाजूला काढा, बंद डब्यात कोंडू नका, आणि आधी त्यांचंच स्कॅनिंग करा. थंडी आणि कोरडेपणा यांनी वेग कमी होतो, थांबत नाही.

न धुतलेली कोडाक्रोम सापडली, कुठे धुवून मिळेल?

रंगीत, कुठेच नाही. कोडॅकने २००९ मध्ये ती बंद केली, शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो, तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल घेतले. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुता येते, काही ना काही दिसतं. कोडॅकने बनवलेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना दिला होता आणि त्या ३६ फ्रेमपैकी काही त्यांनी आपल्या मुंबईत घालवल्या, अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास, शेखर कपूर यांचे फोटो त्यात आहेत. त्या स्लाइड आता रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयात आहेत.

स्कॅन केल्यावर ओरिजिनल ठेवायची गरज आहे?

आहे. २००५ साली मी केलेले स्कॅन आज बघवत नाहीत, आणि त्याच स्लाइड परत मॅक्रो लेन्सने घेतल्या तर सावल्यांमधलं कितीतरी जास्त दिसतं. कोडाक्रोमला स्कॅनरचं आपोआप धूळ काढणारं इन्फ्रारेड फंक्शन बंद ठेवा, तिच्यात चित्राच्या कडा धूळ समजून खाल्ल्या जातात. तिला निळी झाक पण येते, ती वेगळी सुधारावी लागते. घरच्यांना दाखवायला स्कॅन टीव्हीवर लावा, आमची दिवाळी आता तशीच होते.

आणि खरोखर दोनशे वर्षं टिकायलाच हवं असेल तर?

मग रंगीत फिल्मवर विसंबू नका. स्लाइडची लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन ब्लॅक अँड व्हाइट नेगेटिव्ह करा, नीट धुतलेल्या, पॉलिएस्टर बेसवर. चांदीचं चित्र उडत नाही आणि तिन्ही एकत्र केल्या की रंग परत. मॅक्सवेलने १८६१ मध्ये हेच तत्त्व दाखवलं, मोठे सिनेमा स्टुडिओ त्यांच्या रंगीत सिनेमांसाठी हेच करत आले, आणि प्रोकुदिन-गोर्स्कीने झारच्या रशियात काचेवर काढलेले रंगीत फोटो, जे १९४८ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, ते आज ताजे दिसतात ते याच कारणाने. २५, ५८ आणि ४७ नंबरचे फिल्टर लागतात आणि स्लाइड हलू न देता तीन शॉट. मी सहाशेपैकी फक्त नऊ स्लाइडचं केलंय, एकेकीला अर्धा दिवस गेला.

माउंटवर काय लिहावं?

नाव, गाव, महिना-वर्ष. पुठ्ठ्यावर पेन्सिलने, प्लास्टिकवर पिग्मेंट शाईच्या पेनाने, बॉलपेन नको, त्याची शाई पसरते. मामाने दोन्ही आजींच्या माउंटवर पेन्सिलने 'आई, परसदार, मे ६२' एवढंच लिहिलंय. तीन नेगेटिव्ह केलेल्या त्या नऊमधली पहिली स्लाइड डोळे मिटलेली आजी आहे.